चार बोटांची खोली

१

मॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला चोवीस खिडक्या होत्या, आणि त्यातली एकही खिडकी नव्हती.

म्हणजे चौकटी होत्या, काचा होत्या, पण मागे नुसती वीट. त्या बाजूला आत सिनेमाची थिएटरं. त्यांना उजेड चालत नाही, म्हणून पाच मजली सपाट भिंत उभी केलेली. समोर मोठा चौक, चौकात लोखंडाची एक तांबडी, गुंतागुंतीची कलाकृती. तिचं खरं नाव कोणाच्या लक्षात नव्हतं, सगळे तिला गाठ म्हणायचे. गाठीपाशी बसलेल्या लोकांना एवढी बोडकी भिंत दिसू नये म्हणून मालकांनी एका चित्रकार बाईंना बोलावलं. बाईंनी भिंतीवर चार ओळींत सहा सहा खिडक्या बसवल्या. प्रत्येक काचेच्या मागे चार बोटं अंतर सोडून पत्रा, आणि पत्र्यावर रंगवलेली एक खोली. कुठे पलंग, कुठे पुस्तकांचं फडताळ, कुठे दोरीवर वाळत टाकलेला टॉवेल. माणूस मात्र कुठेच नाही. सगळे आत्ताच उठून आत गेलेत आणि कुठल्याही क्षणी परत येतील, असं वाटायचं. या कामाला बाईंनी नाव दिलं होतं 'शेजार'.

हा शेजार दर पंधरा दिवसांनी मंगळवारी सकाळी बाहेरून पुसायचा. ते काम नऊ वर्षं एकच माणूस करत होता. त्याला सगळे पुसणीस म्हणत. हे नाव त्याच्या मेहुण्याने पाडलेलं. "जगात चिटणीस असतात, फडणीस असतात," तो कोणालाही ऐकवायचा, "आमचे भावजी पुसणीस. वंशपरंपरागत नाही, स्वकष्टार्जित!"

मेहुण्याला सगळे रेडिओ म्हणत. का, ते त्याच्याजवळ दोन मिनिटं उभं राहिलं की कळे. तो गच्चीवर चरखीपाशी असायचा, पुसणीस खाली झुल्यावर. झुला म्हणजे एक फळी, बादली अडकवायला एक आकडा, आणि वर चरखीला गुंडाळलेली दोरी. कमरेच्या पट्ट्याची दोरी वेगळी. रेडिओ वरून बडबड करत दोरी सोडणार, पुसणीस खालून 'हं हं' करत काचा पुसणार. कामाची ही पद्धत दोघांनाही मानवली होती.

रेडिओ त्यांच्याच घरी राहायचा. पुसणिसाच्या बायकोची आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि हा चार. तिने त्याला कडेवर घेऊन भाकऱ्या थापल्या, कडेवर घेऊन पाढे पाठ केले. लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली होती, की माझा भाऊ माझ्याबरोबर येईल. पुसणिसाने लगेच हो म्हटलं, आणि त्याला कधी पस्तावा झाला नाही.

२

त्या मंगळवारी सतराव्या खिडकीशी पुसणीस थबकला.

सतरावी म्हणजे वरून तिसऱ्या ओळीतली पाचवी. आत टेबल, टेबलाला सरकवलेल्या दोन खुर्च्या, एक दिवा, आणि मागच्या भिंतीत अर्धवट उघडं दार. त्याने बाहेरून काच धुतली, वायपर ओढला, आणि काच जरा जास्तच स्वच्छ झाल्यासारखी वाटली.

हे त्याला विचित्र वाटायचं कारण असं, की बाहेरून कितीही पुसा, त्या काचा कधी पूर्ण स्वच्छ व्हायच्या नाहीत. आतल्या बाजूला नऊ वर्षांची धूळ. खालच्या कोपऱ्यात मेलेले किडे. त्याला हात लावायची सोयच नव्हती, काच चौकटीत पक्की बसवलेली. सोळावी तशीच धुरकट होती. अठरावीही तशीच. सतरावी लख्ख.

त्याने नाक काचेला लावून पाहिलं. आतल्या बाजूला, वरून खाली, वायपरचे पट्टे होते. प्रत्येक पट्ट्याच्या कडेला पाण्याची बारीक रेघ राहिलेली. नवशिक्याचं काम. पट्टा उचलताना मनगट वळवावं लागतं, ते ज्याला जमत नाही त्याच्या काचेवर अशी रेघ राहते. पुसणिसाला आधी भीती वाटलीच नाही. आधी वाटला तो राग, की माझ्या भिंतीवर हे गबाळं काम कोणाचं?

काम झाल्यावर तो देखभाल विभागाच्या मॅडमकडे गेला. तळघरात त्यांचं ऑफिस, टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या.

"मॅडम, सतरावी आतून कोणी साफ केली?"

"आतून?" मॅडम हसल्या. "काका, त्याला आत आहे का?" तरी भल्या बाईने नकाशा काढून दाखवला. काच, मग चार बोटं हवा, मग पत्रा, मग वीट, मग थिएटरचा पडदा. "सील गेलं असेल. दमट हवा आत शिरली, पाणी सुटलं, काचेवरून ओघळलं, धूळ घेऊन गेलं. पुढच्या वेळी जरा बघून सांगा."

पुसणिसाला ते पटलं. ओघळ असे सरळ, वायपरच्याच रुंदीचे कसे येतील, हा प्रश्न त्याने मनातल्या मनात बाजूला सारला.

३

पंधरा दिवसांनी त्याने सील तपासलं. रबर चारही बाजूंनी घट्ट होतं.

मग काच सैल आहे का हे बघायला त्याने बोटाच्या पेराने टकटक केली. सोळावीवर आवाज आला तो कोरडा, बसका. मागे लगेच पत्रा, दुसरं काय होणार? सतरावीवर त्याने तशीच टकटक केली. आवाज आत गेला. आत जाऊन कुठेतरी पोचला आणि मग परत आला. सामान हलवल्यावर रिकाम्या घरात येतो तसा.

त्याने पुन्हा टकटक केली नाही. बादली हलू नये म्हणून पाय भिंतीला टेकवून नुसता बसून राहिला. वरून रेडिओ कुठल्याशा क्रिकेट सामन्याचं समालोचन ऐकवत होता. आत टेबलापाशी एक खुर्ची बाहेर ओढलेली होती. फार नाही, माणूस बसायला लागते तेवढीच. पाहुणा आला की आपण ओढून देतो तशी.

मागच्या वेळी मॅडमना दाखवायला म्हणून त्याने फोनवर फोटो काढला होता. त्याने दुसरा काढला. वर आल्यावर दोन्ही रेडिओला दाखवले.

रेडिओने फोन तिरका करून, लांब धरून, डोळे बारीक करून पाहिलं. "झुला हलला असेल भावजी. एक इकडून काढलाय, एक तिकडून. आणि समजा खुर्ची ओढलीच असेल, तर चांगलंय की! नऊ वर्षं तुम्ही त्यांच्या काचा पुसताय, एकदा तरी 'या, बसा' म्हणायला नको? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

पुसणीस हसला. हसता हसता त्याने दोन्ही फोटो पुन्हा एकापाठोपाठ एक उघडून पाहिले.

४

पुढच्या पाळीच्या मंगळवारी सकाळी त्याने खांदा दुखतोय म्हणून सांगितलं.

खांदा दुखत नव्हता. पण बायकोने गरम तेलाची वाटी आणली, चोळून दिलं, तेव्हा त्याला शर्टात तोंड लपवावंसं वाटलं. आयुष्यात तो तिच्याशी फारसा खोटं बोलला नव्हता.

"आज मी उतरतो खाली," रेडिओ म्हणाला. "तुम्ही चरखी धरा. तेवढाच तुमच्या खांद्याला आराम आणि माझ्या जिभेला वारा."

"सांभाळून रे," बहीण म्हणाली.

"ताई, नऊ वर्षं वरून बघतोय. झोपेतही जमेल."

गच्चीवर पट्टा आवळून देताना पुसणीस म्हणाला, "सतरावी राहिली तरी चालेल."

"का? तिने काय घोडं मारलंय?"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? काच स्वच्छ आहे म्हणून मला भीती वाटते? पुसणिसाने पट्ट्याची कडी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाला, "काही नाही. वारा आहे, लवकर आटप."

५

चरखीवरच्या माणसाने एक हात कायम दोरीवर ठेवायचा असतो. दोरीतून सगळं कळतं. खालचा माणूस वाकला, बादलीत हात घातला, नाक खाजवलं, सगळं. शिवाय रेडिओ होताच.

"चौदा झाली! पंधरा! सोळाव्या खिडकीत मेलेली माशी आहे हो भावजी, केवढी! हिचं विमान करता येईल!"

वारा वाढला होता. मॉलच्या दर्शनी बाजूला माशाच्या खवल्यांसारखे ॲल्युमिनियमचे पत्रे लावलेत, ते वाऱ्यात घुमतात. त्या घुमण्यात रेडिओचा आवाज मिसळत होता.

"सतरा," रेडिओ म्हणाला. मग जरा थांबून, "अरेच्चा."

"काय रे?"

उत्तर आलं ते त्याला नव्हतं. रेडिओचा आवाज खाली आला होता, मवाळ झाला होता. दारात भेटलेल्या अनोळखी माणसाशी आपण बोलतो तसा.

"हो, हो... नाही, भावजी वर आहेत... बरं. पाच मिनिटं फक्त."

आणि दोरी हलकी झाली.

पुसणिसाच्या हातात ती अचानक वाळत घालायच्या दोरीसारखी लागली, बिनवजनाची. तो चरखीचा अडसर लावून कठड्याकडे धावला, पोटावर आडवा होऊन खाली वाकला. झुला दिसत होता. रिकामा. सावकाश स्वतःभोवती फिरत होता. बादली आकड्याला होती. खाली चौकात माणसं मुंग्यांएवढी, गाठीभोवती, कोणी वर बघत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. कोणी पडलेलं नव्हतं.

कमरेच्या पट्ट्याची दुसरी दोरी मात्र खाली लोंबत नव्हती. ती सतराव्या खिडकीपाशी वळून भिंतीकडे गेली होती.

त्याने हाक मारली की नाही, हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. वाकल्याने रक्त डोक्यात उतरलं होतं, समोर ऊन होतं, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. डोळे मिटून त्याने पुन्हा उघडले. मागे चरखी करकरली. दोरीवर वजन आलं होतं. हळूच, झोपलेल्या मुलाला कोणी गादीवर ठेवावं तसं.

"घ्या वर," खालून आवाज आला.

दोनच शब्द. रेडिओ आयुष्यात कधी दोन शब्द बोलून थांबला नव्हता.

वर आल्यावर तो कठड्याशी उभा राहिला. पुसणिसाने त्याचे दंड धरले, चेहरा चाचपला. "कुठे गेला होतास?"

"कुठे जाणार?" रेडिओ हसला. "पुसत होतो."

६

त्यानंतर काही घडलं नाही, हेच सगळ्यात वाईट.

रेडिओ वेळेवर उठायचा, जेवायचा, कामाला यायचा. त्याला सगळं आठवत होतं, शेजाऱ्यांची नावं, विजेच्या मीटरचा नंबर, ताईने लहानपणी मारलेली थप्पड. विचारलं की सांगायचा. न विचारता काही सांगायचा नाही. आमटी खारट झाली तरी 'छान आहे' म्हणायचा. बायको म्हणाली, "पोक्त झाला हो एकदाचा," पण म्हणताना तिने मुद्दाम नवऱ्याकडे पाहिलं नाही.

पुसणीस स्वतःलाच दटावत होता. माणूस पाच मजल्यांवर लटकून आला, घाबरला असेल. चक्कर आली असेल मला, झुल्यावरून वाकून तो कोपरा पुसत असेल तो, आणि मला झुला रिकामा दिसला. दोरी वाऱ्याने वळली असेल. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं.

एका गोष्टीला सापडेना. रेडिओ पाठ दाखवत नव्हता.

आधी ते कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. तो भिंतीला टेकून बसायचा. दारातून जाताना आधी तुम्हाला जाऊ द्यायचा, आणि एकट्यालाच जायचं असलं, तर तुमच्याकडे तोंड ठेवून मागच्या पावलांनी बाहेर जायचा. झोपायचा उताणा. मोरीतही मागच्या पावलांनी शिरून दार लावायचा. तुम्ही त्याच्या बाजूने चालत गेलात, तर तो तुमच्याबरोबर थोडा थोडा वळत राहायचा. घाई नाही, दचकणं नाही. सूर्यफूल वळतं तसा.

एका संध्याकाळी तो खुर्चीत बसला होता आणि पुसणीस खिडकी लावायच्या निमित्ताने त्याच्या मागे जायला निघाला.

"लावू का मी?" रेडिओ म्हणाला, आणि हसत उठून भिंतीला लागून उभा राहिला.

 पुसणीस खिडकी न लावताच परतला.

७

त्याच्या पुढच्या पाळीच्या मंगळवारी पुसणीस म्हणाला, खांदा बरा झाला.

झुल्यावर बसताना त्याच्या मनात स्पष्ट होतं, की आपली दोरी आता कोणाच्या हातात आहे. पण सतरावी खिडकी बघायची दुसरी वाट नव्हती. खिशात त्याने पाना घेतला होता, नटबोल्टचा, जड.

रेडिओने त्याला अगदी अलगद खाली सोडलं. वरून एक शब्द नाही. सोळा खिडक्या पुसणिसाने न पुसताच सोडल्या.

सतरावीची काच इतकी स्वच्छ होती, की काच आहे हे हात लावल्यावरच कळलं. खोली तीच. टेबल, दिवा. दोन्ही खुर्च्या बाहेर ओढलेल्या. आणि मागचं दार पहिल्यापेक्षा जास्त उघडं, आणि दारापलीकडे आणखी एक खोली होती. ती त्याने नऊ वर्षांत कधी पाहिली नव्हती. तिथे पिवळट उजेड होता, पलंगाचा एक कोपरा दिसत होता, आणि पलंगाच्या काठावर एक माणूस बसला होता. पाठमोरा.

शर्टावर घामाचा डाग. कमरेला पट्टा. उजवा हात हवेत हलत होता, बोटांवर मुद्दे मोजावेत तसा, आणि मधेच कान खाजवायला वर जात होता. मान डोलत होती. तो कोणाशी तरी बोलत होता. आवाज येत नव्हता, पण तसं बोलणारा माणूस पुसणिसाच्या ओळखीचा जगात एकच होता. ज्याच्याशी तो बोलत होता, तो दाराच्या आड होता. त्याचा फक्त गुडघा दिसत होता, अगदी स्थिर.

"अरे," पुसणीस म्हणाला. पुढे त्याने त्याला खऱ्या नावाने हाक मारली. ते नाव घरात फक्त बहीण वापरायची.

हात हवेतच थांबला. मान वळू लागली.

"भावजी," वरून हाक आली, रेडिओच्याच आवाजात. "झालं का?"

पुसणिसाने पाना काढला आणि काचेवर घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला काच फुटली, तुकडे खाली दोर बांधून मोकळ्या ठेवलेल्या जागेत सांडत गेले. त्याने कोपरापर्यंत हात आत घातला.

हात चार बोटांवर पत्र्याला आपटला.

थंड, गुळगुळीत, रंगवलेला पत्रा. त्याने तो चाचपला, नखांनी ओरखडला, मुठी मारल्या. टेबल रंगवलेलं होतं. दिवा रंगवलेला होता. मागच्या भिंतीत दार होतं, तेही रंगवलेलं, आणि ते लावलेलं होतं. त्याच्या मनगटातून रक्त ओघळून दारावर पसरलं.

"काय फुटलं भावजी?" आवाजाला घाई नव्हती. मग पुसणिसाने न सांगताच झुला वर जाऊ लागला.

८

मॅडमनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी त्याच्या हाताला पट्टी बांधली आणि म्हणाल्या, काका, आता उंचावरचं काम बंद करा, वय झालं. काचेच्या जागी तात्पुरता राखी पत्रा ठोकला. लोक अजूनही गाठीपाशी उभे राहून फोटो काढतात. चोवीसपैकी एक खिडकी बंद आहे, हे त्यांच्या लक्षातही येत नाही. उलट खऱ्या इमारतीत एखादं घर बंद असतंच.

त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली. रेडिओ भिंतीला टेकून. पुसणिसाला डाव्या हाताने जेवता येईना, तर रेडिओने घास करून दिला. "हळू खा भावजी," म्हणाला. मग हात धुवून बाहेरच्या खोलीत गेला, मागच्या पावलांनी, आणि टीव्ही लावला.

बायको भांडी घासायला बसली. पुसणीस मोरीच्या उंबऱ्याशी उभा राहिला. सांगायचं तर कुठून, हे त्याला कळत नव्हतं. मी खोटं बोललो, माझा खांदा दुखत नव्हता, इथून? तिने एकच ताट तीन वेळा घासलं.

"काल दुपारी तो झोपला होता," ती मान वर न करता म्हणाली. "कुशीवर वळला होता, भिंतीकडे तोंड करून. त्याला वाटलं असेल मी बाहेर गेले. मी पांघरूण घालायला म्हणून गेले."

नळ चालू होता. तिने तो बंद केला.

"मागून पाहिलं मी त्याला."

"काय दिसलं?"

तिने डोकं हलवलं. नाही, एवढंच. ती ओले हात एकमेकांत घट्ट धरून बसली होती. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कोणीतरी विनोद केला, आणि त्यावर रेडिओ हसला. बरोबर जिथे हसायला हवं तिथे.

"ते विचारू नका," ती म्हणाली. "मी सांगणार नाही, कधीच. तुम्ही फक्त एवढं सांगा." आणि मग तिने मान वर केली. लग्नात कडेवर नाही पण हाताला धरून ज्याला तिने या घरात आणलं होतं, त्याच्याबद्दल तिने विचारलं, अगदी हळू, पलीकडे ऐकू जाऊ नये अशा बेताने:

"माझा भाऊ कुठे आहे?"